हिरव्या दिव्याच्या उजेडात न दिसलेला पांढरा रंग

परवा आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत एक विद्यार्थी भेटला. इंग्रजी साहित्य घेऊन एम. ए. करतो. वडील गवंडी, आई चार घरची धुणीभांडी करते. घरातला पदवीपर्यंत पोचलेला हा पहिलाच. ‘जय भीम, काका’ म्हणत शेजारी बसला आणि हातातल्या झेरॉक्स नोट्समधल्या एका प्रश्नावर बोट ठेवून म्हणाला, ‘हा हमखास येतो.’ प्रश्न होता : ‘द ग्रेट गॅट्सबी’ या कादंबरीतील रंगांचे प्रतीकात्मक महत्त्व स्पष्ट करा.

खाली तयार उत्तर होते. हिरवा म्हणजे आशा. पिवळा म्हणजे पैसा. राखाडी म्हणजे नैतिक ऱ्हास. निळा म्हणजे स्वप्न. पांढरा म्हणजे निष्पापपणा आणि पावित्र्य. पाच रंग, पाच परिच्छेद आणि शेवटी ‘अमेरिकन स्वप्नाचा भंग’ हा निष्कर्ष. मी विचारले, ‘पुस्तक वाचलंस का?’ तो ओशाळून हसला. ‘सिनेमा बघितला काका. अमिताभ आहे त्यात.’

मी त्याला एवढेच म्हणालो की, बाकीच्या चार रंगांचे राहू दे. पण पांढऱ्याचा अर्थ पाठ करण्याआधी पुस्तक वाच आणि त्यात पांढरे काय काय आहे, कोणाकोणाच्या अंगावर आहे, याची यादी करून आण. प्रस्तुत लेख म्हणजे त्या बोलण्याचाच विस्तार आहे. आपली अनेक मुले-मुली आज इंग्रजी विभागांत शिकत आहेत. त्यांच्या हातात अभिजात म्हणून जी पुस्तके दिली जातात ती नाकारण्याचे कारण नाही. मात्र ती कोणाच्या डोळ्यांनी वाचायची, हे आपले आपण ठरवले पाहिजे.

प्रथम कादंबरीविषयी. एफ. स्कॉट फिट्झगेराल्ड यांची ही कादंबरी १० एप्रिल १९२५ रोजी न्यूयॉर्कमध्ये प्रसिद्ध झाली. तेव्हा लेखक अवघ्या २८ वर्षांचे होते. पहिल्या वर्षात सुमारे २० हजार प्रती खपल्या आणि पुढे पुस्तक मागे पडले. १९४० साली वयाच्या ४४ व्या वर्षी फिट्झगेराल्ड वारले, तेव्हा त्यांना विचारणारे फारसे कोणी उरले नव्हते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांना वाचायला म्हणून स्वस्त आवृत्तीच्या दीड लाखाहून अधिक प्रती वाटल्या गेल्या आणि पुस्तकाचे नशीब पालटले. त्यानंतर ते शाळा-कॉलेजांत गेले, जगभरच्या अभ्यासक्रमांत गेले. १९७४ आणि २०१३ साली त्यावर मोठे चित्रपट निघाले. आमच्या विद्यार्थ्याने पाहिला तो २०१३ चा. त्यात अमिताभ बच्चन यांनी मायर वुल्फशाइम या ज्यू जुगाऱ्याची भूमिका केली आहे.

कथा साधी आहे. काळ १९२२ चा उन्हाळा, ठिकाण न्यूयॉर्कजवळचे लाँग आयलंड. एका लहानशा खाडीच्या दोन बाजूंना दोन वसाहती. पूर्वेकडची वसाहत पिढीजात श्रीमंतांची, पश्चिमेकडची नव्याने पैसा मिळवलेल्यांची. पश्चिमेकडे जे गॅट्सबी नावाचा तरुण प्रचंड वाड्यात राहतो आणि दर शनिवारी मेजवान्या झोडू देतो. त्याचे खरे नाव जेम्स गॅट्झ. नॉर्थ डकोटातल्या दरिद्री शेतकऱ्याचा हा मुलगा. सतराव्या वर्षी त्याने नाव बदलले, पुढे सैन्यात गेला, लुईव्हिल शहरात डेझी नावाच्या श्रीमंत मुलीच्या प्रेमात पडला. तो युद्धावर गेला आणि डेझीने टॉम ब्यूकॅनन या गर्भश्रीमंत माणसाशी लग्न केले. गॅट्सबीने दारूबंदीच्या काळात चोरट्या दारूच्या धंद्यात पैसा केला आणि तिच्या घराच्या बरोबर समोर, खाडीच्या अलीकडे घर घेतले. तिच्या घराच्या धक्क्यावर रात्री एक हिरवा दिवा जळतो. गॅट्सबी अंधारात उभा राहून त्याच्याकडे हात पसरतो. हे सगळे आपल्याला सांगणारा निवेदक निक हा डेझीचा दूरचा भाऊ आहे.

समीक्षकांनी या हिरव्या दिव्यावर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले. तो आशेचा दिवा आहे, यात वाद नाही. पण आशेला अंतर लागते. डेझी प्रत्यक्ष गॅट्सबीच्या घरी येऊन शेजारी उभी राहते, तेव्हा तो दिवा निव्वळ धक्क्यावरचा दिवा होऊन जातो, असे लेखकानेच दाखवले आहे. म्हणजे हिरवा रंग हा पलीकडे पोचू पाहणाऱ्याचा रंग आहे. मग प्रश्न असा की, पलीकडे कोणता रंग आहे?

पलीकडे पांढरा आहे. पूर्वेकडच्या हवेल्या पांढऱ्या. निक पहिल्यांदा टॉमच्या घरी जातो तेव्हा डेझी आणि तिची मैत्रीण जॉर्डन पांढऱ्या पोशाखात कोचावर बसलेल्या. डेझीच्या नावाचे फूलही पांढऱ्या पाकळ्यांचे, पोटात पिवळे. लग्नाआधी तिची मोटार पांढरी, कपडे पांढरे. आणि लुईव्हिलमधल्या आपल्या मुलीपणाचा उल्लेखही ती ‘गोरे’ असाच करते. इंग्रजीत पांढरा आणि गोरा यांना शब्द एकच आहे. मराठीत आपल्याकडे दोन शब्द असल्यामुळे नोट्स लिहिणाऱ्यांची सोय झाली. कापड पांढरे राहिले आणि कातडी निसटली.

ज्या लुईव्हिल शहरात डेझी लहानाची मोठी झाली, ते शहर त्या काळी काय करत होते? १९१४ साली त्या शहराने कायदा केला की, ज्या गल्लीत बहुसंख्य गोरे राहतात तेथे काळ्या माणसाने राहायला जाऊ नये. या कायद्याला आव्हान देण्यात आले. काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचे विल्यम वॉर्ले हे एका बाजूला होते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ नोव्हेंबर १९१७ रोजी तो कायदा रद्द ठरवला. कादंबरीत गॅट्सबी आणि डेझी लुईव्हिलमध्ये एकत्र दिसतात तो महिना ऑक्टोबर १९१७. त्या खटल्याचे नाव ‘ब्यूकॅनन विरुद्ध वॉर्ले’. डेझीच्या नवऱ्याचे आडनावही ब्यूकॅनन! लेखकाने ते मुद्दाम घेतले असे मी म्हणणार नाही. तो योगायोग असावा. पण डेझीच्या पांढऱ्या मोटारीतून जे शहर सुंदर दिसत होते, त्याच शहरात कोणत्या गल्लीत कोणी राहावे हे कातडीच्या रंगावरून ठरत होते, हा मात्र योगायोग नव्हे. ‘निष्पाप’ पांढऱ्या रंगाचा हा पत्ता आहे.

आता टॉमकडे वळू. पहिल्याच प्रकरणात, जेवणाच्या टेबलावर, हा गृहस्थ एका पुस्तकाचा हवाला देऊन सांगू लागतो की, गोऱ्या वंशाने सावध राहिले नाही तर बाकीचे वंश त्याला बुडवतील. पुस्तकाचे आणि लेखकाचे नाव कादंबरीत काल्पनिक आहे. परंतु तसे खरे पुस्तक होते. लोथ्रोप स्टोडार्ड यांनी १९२० साली ‘द रायझिंग टाइड ऑफ कलर’ हा ग्रंथ लिहून नेमका हाच कांगावा केला होता. तो ग्रंथ ज्या स्क्रिब्नर प्रकाशनाने काढला, त्याच प्रकाशनाने पाच वर्षांनी ‘गॅट्सबी’ काढली. विष आणि विषाची नोंद, दोन्ही एकाच दुकानात! हे विचार तेव्हा चार माथेफिरूंपुरते नव्हते. १९२४ साली अमेरिकेने कायदा करून दक्षिण व पूर्व युरोपातून येणाऱ्यांची संख्या आवळली आणि आशियातून येणाऱ्यांना जवळजवळ दार बंद केले. टॉम जेवताना जे बडबडतो, ते कादंबरी छापून येण्याआधीच देशाचा कायदा झाले होते. १९२९ साली शिकागोत याच स्टोडार्डसमोर उभे राहून विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉईस यांनी जाहीर वादविवाद केला आणि त्याच्या वंशश्रेष्ठत्वाचे वाभाडे काढले.

कादंबरीतला कळीचा प्रसंग सातव्या प्रकरणात आहे. न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलातली उकाड्याची दुपार. गॅट्सबी आणि टॉम समोरासमोर येतात. यावर टॉमने काय बोलावे? माझ्या बायकोला सोड, असे कोणताही नवरा म्हणेल. टॉम मात्र आधी याचे घराणे कोणते, गाव कोणते, असे हिणवतो आणि तेथून थेट उडी मारतो ती काळ्या-गोऱ्यांच्या लग्नावर. आज कुटुंबाची थट्टा चालली आहे, उद्या काळे आणि गोरे एकमेकांशी लग्ने करतील, असा त्याचा सूर. जॉर्डन पुटपुटते की, अहो, इथे तर सगळे गोरेच आहेत.

जॉर्डनचे म्हणणे खरे आहे. गॅट्सबी कातडीने गोराच आहे. तो गोरा म्हणून वावरणारा काळा माणूस आहे, असा सिद्धांत एका अमेरिकन अभ्यासकाने काही वर्षांपूर्वी मांडला होता. मला त्याची गरज वाटत नाही. उलट गॅट्सबी गोरा असूनही टॉमला काळ्यांची आठवण का होते, हाच खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर असे की, टॉमच्या लेखी पांढरा हा केवळ कातडीचा रंग नाही, तो जन्माचा दाखला आहे. त्या दाखल्याच्या रक्षणाची जागा म्हणजे लग्न. काळ्यांना दूर ठेवणारी भिंत आणि गॅट्सबीला दूर ठेवणारी भिंत एकाच विटांची आहे.

हे वाचताना बाबासाहेबांची आठवण होणे अपरिहार्य आहे. याच न्यूयॉर्क शहरात, हार्लेमला लागून असलेल्या कोलंबिया विद्यापीठात ते १९१३ ते १९१६ या काळात शिकत होते. ९ मे १९१६ रोजी तेथेच त्यांनी ‘भारतातील जाती’ हा निबंध वाचला. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावण्याच्या नियमामुळे, हा त्या निबंधाचा गाभा. कादंबरीतल्या उन्हाळ्याच्या सहा वर्षे आधी एका विद्यार्थ्याने आपल्या देशाबद्दल जे शास्त्रशुद्धपणे मांडले, ते टॉम आपल्या अडाणी तोंडाने कबूल करून टाकतो. जन्माचा मोठेपणा लग्नाच्या दारात उभा असतो.

त्याच प्रकरणात गॅट्सबी गुलाबी सूट घालून आलेला आहे. हा ऑक्सफर्डला शिकला, हे टॉमला पटत नाही. का, तर असा माणूस गुलाबी सूट घालत नाही. आधीच्या एका प्रकरणात, डेझीला भेटायचे म्हणून गॅट्सबीने पांढरा सूट, रुपेरी शर्ट आणि सोनेरी टाय घातला होता. बिचारा शिंप्याकडून पांढरे शिवून आणतो. पण कापड पांढरे शिवता येते, कुळी शिवता येत नाही. कुळीवाल्यांना दुरूनच ओळखू येते की हा रंग विकत आणलेला आहे. गॅट्सबीचा पैसा काळ्या धंद्याचा म्हणून तो हलका, असे म्हणावे तर टॉमने उभ्या आयुष्यात कवडी कमावलेली नाही. वाडवडिलांचा पैसा कसा आला हे मात्र कोणी विचारत नाही. मिळवलेल्या पैशाचा हिशोब मागायचा आणि वारशाने आलेल्याला नमस्कार करायचा, ही रीत काही फक्त अमेरिकेची नाही.

श्रीमंतांच्या वसाहती आणि शहर यांच्या मध्ये राखेचा पट्टा आहे. न्यूयॉर्कची राख जेथे ओतली जाई, त्या क्वीन्स भागातल्या कोरोनाच्या उकिरड्यांवरून लेखकाने तो घेतला. १९३९ साली तेथे जागतिक प्रदर्शन भरले आणि आज तेथे मोठे उद्यान आहे. कादंबरीत मात्र तेथे सर्व राखाडी आहे. माणसे राखाडी, हवा राखाडी. गॅरेजवाला जॉर्ज विल्सन राखेने माखलेला. त्याची बायको मर्टल टॉमची रखेल. डेझीचे नाव तोंडातून काढले एवढ्यावरून टॉम एका फटक्यात तिचे नाक फोडतो. वर जाहिरातीच्या फलकावर एका चष्म्याच्या डॉक्टरचे प्रचंड निळे डोळे आहेत. नोट्समध्ये लिहिले आहे की राखाडी म्हणजे नैतिक ऱ्हास. कोणाचा ऱ्हास? राख ज्यांच्या अंगावर पडते त्यांचा, की ज्यांच्या चुली आणि भट्ट्या ती ओकतात त्यांचा? घाण करणारा पांढरा आणि घाण झेलणारा राखाडी, ही वाटणी कळायला आपल्याला टीकाग्रंथ लागू नये.

विल्सनही गोराच आहे. म्हणजे गोऱ्यांच्या गोटातच वर टॉम, त्याखाली गॅट्सबी, त्याखाली विल्सन. बाबासाहेब ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हणत तिचे हे चित्र आहे. अशा उतरंडीत प्रत्येकाच्या डोक्यावर कोणीतरी असतो आणि पायाखालीही कोणीतरी हवा असतो. मग या सर्वांच्या पायाखाली कोण?

त्याचे उत्तर चौथ्या प्रकरणातल्या पुलावर आहे. निक आणि गॅट्सबी मोटारीतून क्वीन्सबरो पुलावरून शहरात चालले आहेत. शेजारून एक लांबलचक मोटार जाते. ड्रायव्हर गोरा आणि मागे तीन झोकदार कपड्यांतले काळे प्रवासी, दोन पुरुष आणि एक मुलगी. ते रुबाबात या गाडीकडे पाहतात. आपण कोणाबद्दल चटकन मत बनवत नाही असे पहिल्याच पानावर सांगणारा निक मोठ्याने हसतो. त्या पुरुषांसाठी तो जो शब्द वापरतो, तो इंग्रजीत नर हरणासाठी आहे. लगेच त्याच्या मनात येते की या पुलापलीकडे काहीही घडू शकते, गॅट्सबीसारखा माणूससुद्धा. म्हणजे काळ्या माणसाने मोटारीत मागच्या सीटवर बसणे आणि गॅट्झने गॅट्सबी होणे, निकच्या हिशोबी दोन्ही एकाच जातीची आश्चर्ये. एकावर तो खदखदून हसतो, दुसऱ्यावर पुस्तक लिहितो, इतकाच फरक.

फिट्झगेराल्ड स्वतः या दोषातून मुक्त नव्हते. १९२१ साली युरोपातून मित्राला लिहिलेल्या पत्रात त्यांनी वंशाविषयी अत्यंत हिणकस मजकूर लिहिला आहे. वुल्फशाइम हे पात्र ज्यूंविषयीच्या बाजारू समजुतींतून उतरवले आहे. ज्या काळाला ‘जाझ युग’ हे नाव रूढ करण्यात फिट्झगेराल्ड यांचा मोठा वाटा, तो जाझ काळ्यांच्या संगीतातून जन्मला. गॅट्सबीच्या मेजवान्यांत वाद्यवृंद रात्रभर वाजतो, पण ज्यांनी हे संगीत घडवले त्यांचे नाव तेथे निघत नाही. ‘गॅट्सबी’ निघाली त्याच १९२५ साली अॅलन लॉक यांनी ‘द न्यू निग्रो’ हा संग्रह काढला. हार्लेममध्ये कवी, कथाकार, चित्रकार यांची एक पिढीच उभी राहिली होती. या कादंबरीत त्यांचा मागमूस नाही. गोऱ्या लेखकांच्या साहित्यात काळी माणसे जेथे गप्प आहेत तेथेच कान लावा, असे टोनी मॉरिसन यांनी १९९२ साली आपल्या व्याख्यानांच्या पुस्तकात सुचवले. त्या दृष्टीने पाहिले तर या कादंबरीत एक काळा माणूस बोलतो. मोजकीच वाक्ये. पण ती रंगाविषयी आहेत.

प्रसंग असा. प्लाझामधून परतताना गॅट्सबीची मोटार राखेच्या पट्ट्यात मर्टलला चिरडून न थांबता निघून जाते. त्या मोटारीचा रंग निकने पूर्वी गडद सायीचा म्हणून सांगितलेला आहे. शेजारचा हॉटेलवाला मायकेलिस पोलिसाला आधी सांगतो की गाडी फिकट हिरवी होती. विचार करा, येथेही हिरवाच दिसला! मग गर्दीतून चांगल्या पोशाखातला, फिकट वर्णाचा एक काळा माणूस पुढे येतो आणि सांगतो की गाडी पिवळी होती, मोठी, नवी. तोच बरोबर ठरतो. पोलीस त्याचे नाव विचारतो. कादंबरी आपल्याला त्याचे नाव सांगत नाही.

रंगांची ही इतकी गाजलेली कादंबरी, आणि सर्वांत महत्त्वाच्या क्षणी खरा रंग सांगणारा एक निनावी काळा साक्षीदार! पण त्याच्या खऱ्या साक्षीचे होते काय? ती टॉमच्या कानावर पडते. गाडी गॅट्सबीची, हे टॉम पुढे विल्सनला सांगतो. विल्सन गॅट्सबीला पोहण्याच्या तलावात गोळी घालतो आणि स्वतःलाही संपवतो. वास्तविक गाडी डेझी चालवत होती. त्याच दुपारी ती पांढऱ्या पोशाखात कोचावर बसलेली वाचकाने पाहिली आहे. गाडीचा पिवळा रंग सगळ्यांना कळला, चालवणारीचा पांढरा कोणाला कळला नाही. गॅट्सबीने तिचा गुन्हा अंगावर घेतला. टॉम आणि डेझी सामान आवरून गेले. अंत्ययात्रेला डेझीने साधे फूलही पाठवले नाही. आला तो म्हातारा बाप, हेन्री गॅट्झ. ज्याचे आडनाव मुलाने टाकून दिले होते.

आता आडनावाचा विषय निघालाच आहे. बाबुराव बागूल यांच्या १९६३ सालच्या कथासंग्रहाचे नावच ‘जेव्हा मी जात चोरली होती’ असे आहे. अमेरिकेत नेला लार्सन या काळ्या लेखिकेने १९२९ साली ‘पासिंग’ ही कादंबरी लिहिली. गोरी म्हणून खपून जाणाऱ्या बाईची ती कथा. जन्म लपवणे ही हौस नसते. घर भाड्याने मिळत नाही, नोकरीत नजर बदलते, तेव्हा माणूस आडनाव बदलतो, भिंतीवरची तसबीर आतल्या खोलीत नेतो. अशा माणसाला दूषणे देणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. गॅट्सबीचीही मला कीवच येते. प्रश्न त्याच्या लपवण्याचा नाही. प्रश्न असा की, ज्या घराने आपल्याला दाराबाहेर ठेवले, त्याच घराचा दिवा हे आपले स्वप्न कसे झाले?

या प्रश्नाला इतिहासातही एक उत्तर आहे. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी, म्हणजे कादंबरीतल्या उन्हाळ्यानंतरच्या हिवाळ्यात, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्याचा निकाल दिला. थिंद पंजाबचे शीख, पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात राहिलेले. त्या वेळी परदेशातून आलेल्यांपैकी गोऱ्यांना आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांनाच नागरिकत्व मिळत असे. थिंद यांच्या वतीने युक्तिवाद झाला की, ते उच्चवर्णीय, आर्य वंशाचे, म्हणून गोरे. इतकेच नव्हे तर अमेरिकन माणूस लग्नाच्या बाबतीत जसा निग्रोपासून दूर राहतो, तसा उच्चवर्णीय हिंदू आपल्या देशातल्या मूळ रहिवाशांपासून दूर राहतो, हेही पुरावा म्हणून मांडले गेले! त्या काळच्या कायद्यात दुसरी वाट नव्हती, हे मान्य. तरीही पाहा, गोऱ्यांच्या दारात उभे राहून आपल्याकडची जात ओळखपत्र म्हणून दाखवली गेली. न्यायालयाने काय केले? सामान्य अमेरिकन माणसाच्या समजुतीप्रमाणे तुम्ही गोरे नाही, असे सांगून दार लावले. टॉमच्या भाषेत टॉमशी बोलायला गेलेल्यांचा निकाल टॉमच देतो.

याउलट बाबासाहेबांनी १९४६ साली डु बॉईस यांना पत्र पाठवले. अमेरिकेतील काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत त्यांनी मागवली आणि अस्पृश्यांची स्थिती व काळ्यांची स्थिती यांतील साम्य नोंदवले. जो स्वतः वरच्या दारात ताटकळतो तो खालच्याला पुरावा म्हणून वापरतो. ज्याला उतरंडच मोडायची असते तो खालच्याशी पत्रव्यवहार करतो. दोन वाटा इतक्या स्पष्ट आहेत.

कादंबरीच्या अखेरीस निक समुद्रकाठी बसून कल्पना करतो की, पहिल्या डच खलाशांना हा प्रदेश कसा हिरवागार दिसला असेल. आशेचा तोच हिरवा. त्या हिरव्यात आधीपासून माणसे राहत होती, त्यांची जमीन गेली, हे निकला सुचत नाही. झाडे तोडून तेथे गॅट्सबीच्या वाड्याला जागा झाली, एवढे मात्र तो सांगतो. फिट्झगेराल्ड यांना ऐनवेळी, १९२५ च्या मार्चमध्ये, या पुस्तकाचे नाव बदलून राष्ट्रध्वजाच्या लाल, पांढऱ्या आणि निळ्या रंगांवरून ठेवावेसे वाटले होते. छपाई पुढे गेल्याने ते राहिले. नाव बदलले असते तर कदाचित समीक्षकांचे डोळे हिरव्यावरून पांढऱ्याकडे लवकर वळले असते.

आमच्या विद्यार्थ्याला मी सांगितले, परीक्षेत पाचही रंग लिही, गुण मिळव. गुणांची आपल्याला गरज आहे. पण पांढऱ्याच्या परिच्छेदात ‘निष्पापपणा’ लिहून थांबू नकोस. लुईव्हिलचा कायदा लिही, प्लाझातले टॉमचे बोलणे लिही, पुलावरचे निकचे हसणे लिही. आणि त्या निनावी साक्षीदाराला उत्तरात जागा दे. गर्दीतून पुढे येऊन त्याने पाहिले तेच सांगितले होते. आपणही पुस्तक वाचताना एवढेच करायचे आहे.